ग्रीष्मचर्या आणि कष्टकरी रुग्ण

फाल्गुन सरू लागला की आपल्या चिकित्सालयांच्या दर्शनी भागी ग्रीष्मचर्येची पत्रके लागतात. दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नये, व्यायाम टाळावा, लवण-अम्ल-कटु रस वर्ज्य करावेत, मधुर, शीत व द्रव आहार घ्यावा, वाळ्याचे पाणी प्यावे, दुपारी थोडी निद्रा घेण्यास हरकत नाही, असा त्यांतील मजकूर असतो. मजकूर शास्त्रोक्त आहे याविषयी शंका नाही. शंका आहे ती इतकीच, की हे पत्रक कोणासाठी लिहिलेले आहे? चिकित्सालयाच्या बाकावर बसलेले निवृत्त गृहस्थ ते तंतोतंत पाळू शकतात. त्याच बाकाच्या टोकाशी बाजार समितीतला हमाल बसलेला असतो, रस्त्यावर डांबर टाकणारी मजूर स्त्री असते, वीटभट्टीवरचा थापणारा असतो. त्यांना पहिल्या दोन सूचना पाळणे शक्य नसते; म्हणून ते तिसरी पाळतात. वैद्याने सांगितले म्हणून ठेचा सुटतो, लोणचे सुटते, ताटातले मीठ कमी होते. ऊन आणि श्रम मात्र जसेच्या तसे राहतात. आमच्या मते धोका नेमका येथेच आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात लवण, कटु, अम्ल, व्यायाम आणि सूर्यकिरण हे पाचही एकाच दमात वर्ज्य सांगितले आहेत. चरकसंहितेतही लवण, अम्ल, कटु व उष्ण यांच्या जोडीनेच व्यायामाचा निषेध येतो. हे पाच निषेध सुटे नाहीत, ते एकाच दिनक्रमाचे अवयव आहेत. ज्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून ते सांगितले, त्याच्यासाठी त्याच प्रकरणात शीतगृहे, चंदनाचे लेप, मोत्यांच्या माळा आणि चांदण्याने निवलेल्या गच्च्याही सांगितल्या आहेत. अशा पुरुषाला स्वेद अल्पच येतो, त्याच्या शरीरातून लवण फारसे बाहेर जातच नाही. त्याने वरून अधिक लवण घेऊ नये हे युक्तच आहे. परंतु ज्याला व्यायाम आणि अर्ककिरण हे शेवटचे दोन टाकता येत नाहीत, त्याला पहिले तेवढे टाकावयास सांगणे म्हणजे वचन पाळणे नव्हे, ते अर्धे तोडून वापरणे होय.

हिशेबच मांडावयाचा तर तोही अवघड नाही. भर उन्हात जड काम करणाऱ्या माणसास तासाला लिटरभर घाम येऊ शकतो, क्वचित त्याहूनही अधिक. प्रत्येक लिटर घामाबरोबर साधारणतः एक ते चार ग्रॅम मीठ जाते. दिवसाकाठी पाच लिटर घाम गाळणाऱ्या मजुराचे अगदी कमीत कमी धरले तरी पाच ग्रॅम मीठ गेले. जागतिक आरोग्य संघटना सामान्य प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. म्हणजे सामान्य माणसाने जेवढे खावे तेवढे याच्या सदऱ्यावर पांढऱ्या रेघा होऊन वाळलेले असते. हा मनुष्य सायंकाळी आपल्याकडे येतो तो पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून. आपण त्यास पिंडिकोद्वेष्टन म्हणतो, वाताच्या ऐंशी विकारांत त्याची गणना करतो आणि अभ्यंगासाठी तेल देतो. निदान चुकीचे नाही. पण वातशमनासाठी मधुर, अम्ल व लवण हे तीन रस सांगितले आहेत, ग्रीष्म हा वाताच्या संचयाचा काळ आहे आणि अतिश्रम हे वातप्रकोपाचे कारण आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने तेल देऊन लवण मात्र काढून घ्यावे, यात शास्त्रसंगती ती कोणती? इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळसा खाणींत १९२० च्या दशकात खाणकामगारांना पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालून दिले, तेव्हा असेच गोळे थांबल्याचे तेथील संशोधकांनी नोंदविले होते.

येथे कोणी चरकाच्या विमानस्थानाचा हवाला देईल. पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग नको असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आम्हांस ते मान्य आहे. मात्र त्याच चरकाने सूत्रस्थानात नित्य सेवनीय द्रव्यांमध्ये शाली, षष्टिक, मुद्ग, आमलक यांच्या पंक्तीस सैंधव बसविले आहे, हेही विसरता येत नाही. अतियोग टाळावयाचा तर हीनयोगही टाळावयास हवा. उच्च रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्या रुग्णाचा विचार अर्थातच वेगळा. त्यातही जो कष्टकरी रुग्ण मूत्रल गोळ्या घेत आहे, त्याच्या मात्रेचा ग्रीष्मारंभी फेरविचार व्हावा यासाठी त्याला त्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. (सैंधवाविषयी एक व्यावहारिक सूचना : ते बहुधा आयोडीनरहित असते. घरातील सगळेच मीठ बदलून सैंधव करा, असा सल्ला सरसकट देऊ नये.)

संहिताकारांना कष्टकरी दिसलाच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दिवसा झोपेचा निषेध करताना चरकाने जी सूट दिली आहे ती केवळ ग्रीष्मापुरती नाही. कर्म, भार आणि मार्गक्रमण यांनी कृश झालेल्यांना ती सर्व ऋतूंत दिली आहे. ओझे वाहणारा माणूस ग्रंथकाराने पाहिला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे असे सांगणारा वाग्भट शरद आणि ग्रीष्म यांना अपवाद करतो. अधारणीय वेगांत तृष्णा आहे, तसाच श्रमश्वासही आहे. धाप लागली असता ती दाबून काम चालू ठेवू नये, ही आज्ञा मुकादमाच्या शिट्टीपेक्षा जुनी आहे. उदकवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना औष्ण्य, अतिशुष्क अन्न आणि तृष्णेचे पीडन ही तीन एकत्र येतात. दुपारी उन्हात बसून पाण्याच्या घोटाविना कोरडी भाकरी खाणाऱ्या मजुराचेच हे वर्णन आहे. म्हणजे सामग्री आपल्याकडे आहे. आपल्या पत्रकांत ती उतरत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आहाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर बिहारमधून आलेला कामगार सकाळी डब्यातले सातू पाण्यात कालवतो, त्यात मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि असल्यास लिंबू घालतो, आणि तेवढ्यावर दुपारपर्यंत ओझी उचलतो. चरकाने ग्रीष्मात सांगितलेला मंथ तो हाच. फरक एवढाच की ग्रंथातला मंथ शर्करायुक्त आहे आणि याचा लवणयुक्त. राजाचा मंथ गोड आणि मजुराचा खारट, ही तफावत आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडील ज्वारी-नाचणीची आंबील, कोकणातील मीठ घातलेली पेज, कैरीचे पन्हे, हे सर्व याच जातीचे पदार्थ आहेत : द्रव, थोडे धान्य वा गूळ, थोडे आम्ल आणि पुरेसे मीठ. केवळ अम्ल म्हणून पन्हे नाकारणारा वैद्य आम्ही पाहिला आहे; त्याच्या पांडित्याला नमस्कार, परंतु त्याच्या रुग्णाची आम्हांस काळजी वाटते. ताकाविषयीही असाच प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो, कारण उष्णकाळी, दुर्बलास, तसेच मूर्च्छा, भ्रम व दाह असता तक्र देऊ नये असे वचन प्रसिद्ध आहे. आमचा अभिप्राय असा की, आंबलेले, दाट व दिवसभर पत्र्याच्या छपराखाली तापलेले ताक निश्चितच टाळावे. सकाळी घुसळलेले, पातळ, जिरे व मीठ घातलेले ताक श्रमिकाच्या भाकरीसोबत चालू द्यावे. श्रमहर दशेमानीतील द्राक्षा, खर्जूर, दाडिम, परूषक, इक्षु ही द्रव्ये उत्तमच आहेत; त्यांपैकी मजुराला परवडेल असा उसाचा रस तेवढा आहे, तोही स्वच्छ मिळेल तर.

पाणी किती, हा प्रश्न रुग्ण विचारतो तेव्हा ‘तहानेप्रमाणे’ हे उत्तर सावलीतल्या माणसास पुरे पडते. जड कामात तहान उशिरा लागते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या शासकीय संस्थांचा निर्देश असा आहे की, उष्णतेत काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे आणि कोणत्याही तासात दीड लिटरच्या आतच राहावे. वरची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मिठाविना नुसते पाणीच भरमसाट रिचविल्याने रक्तातील सोडियम घटते आणि मनुष्य भ्रमिष्टासारखा होतो. वेळेवर मिठाचे जेवण होत असेल तर बहुतेक वेळ साधे पाणी पुरते. तासन् तास घाम गळत असेल, वा जेवण सुटले असेल, तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे. लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर हे प्रमाण पाठ असावे.

स्त्री-कामगारांचा प्रश्न यापुढचा आहे आणि तो आपल्या चिकित्सालयात ‘उन्हाळी लागली’ या शब्दांत येतो. मूत्रदाह ऐकताच चंदनासव, गोक्षुर, उशीर यांच्याकडे हात जातो. औषध योग्य असते, परंतु हेतू तसाच राहतो. कामाच्या जागी आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून ही स्त्री सकाळपासून पाणीच पीत नाही. प्यायली तर मूत्रवेग दाबून ठेवते. दोन अधारणीय वेग एकाच वेळी धरलेले, तेही वैशाखात. अशा स्थितीत मूत्रल द्रव्य देणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट बांधणे होय. बांधकामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे अशी तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने केली होती, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी ‘लघवीला जाण्याची सोय आहे का?’ हा प्रश्न केसपेपरवर छापून घ्यावा. तो विचारण्यास संकोच वाटत असेल तर चिकित्सालयातील परिचारिकेने विचारावा.

आता श्रमाच्या वाढीविषयी. वाग्भटाने ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगितले : सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात. या काळात जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडावी आणि नवी क्रमाक्रमाने धरावी. आधुनिक शरीरक्रियाविज्ञान असे सांगते की, उष्णतेत काम करण्याची सवय शरीरास होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. या जुळणीवरून कोणी मोठे दावे करू नयेत, परंतु व्यवहारात ती फार उपयोगी आहे. उष्णतेने दगावणाऱ्या कामगारांत नव्याने कामावर आलेल्यांचे प्रमाण मोठे असते. नव्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पंचमांशच काम उन्हात करावे आणि पुढे रोज तेवढीच वाढ करावी. जुना माणूस सुट्टीनंतर परतला असेल तर त्याने निम्म्यापासून आरंभ करावा, असा अमेरिकी निर्देश आहे. लग्नसराईसाठी पंधरा दिवस गावी जाऊन आलेला, अथवा ज्वरातून उठलेला मजूर हा नव्यासारखाच समजावा. बलवानानेही अर्धशक्तीच व्यायाम करावा आणि उष्ण ऋतूंत त्याहूनही कमी, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितोच.

अडचण अशी की काम बहुधा उक्ते असते. वीट हजारावर मोजली जाते, ऊस टनावर. जो थांबेल त्याची मजुरी थांबते. अशा माणसाला ‘विश्रांती घ्या’ एवढेच सांगून त्याच्या हाती काही पडत नाही. येथे वैद्याच्या लेखी शब्दाला मोल आहे, आणि ते आपण पुरेसे वापरत नाही असे आमचे मत आहे. गावातला मुकादम, भट्टीमालक, बाजारातील आडत्या हेही आपलेच रुग्ण असतात. पहाटे सहा ते अकरा आणि पुन्हा चारनंतर असे काम विभागले, कामाच्या जागीच गोणपाट गुंडाळलेला माठ ठेवला, सावलीसाठी एक छत घातले, तर दिवसाचे काम फारसे घटत नाही. कोसळलेल्या माणसामुळे मात्र ते पूर्ण थांबते. ही भाषा मुकादमाला कळते. आणि ती शासनाच्या परिपत्रकाआधी वैद्याच्या तोंडून त्याच्या कानी पडावी. अहमदाबादेत मे २०१० मधील लाटेत नेहमीच्या तुलनेत तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला. हे काम महापालिकेचे खरे, तथापि प्रत्येक भट्टीवर महापालिका पोहोचत नाही.

कोकणपट्टीतील व्यवसायबंधूंनी केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबू नये. हवामान विभागही उष्णतेच्या लाटेची प्राथमिक मर्यादा मैदानी प्रदेशासाठी ४० अंश सेल्सिअस आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश धरतो. चंद्रपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. डोक्यावरचा ओला पंचा तेथे औषधासारखा काम करतो. रायगड-ठाण्याच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. लवण व जल जाते, गारवा मिळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील समारंभात दहाहून अधिक माणसे दगावली, आणि ती तर नुसती बसलेली होती.

औषधी विक्रेत्या बंधू-भगिनींशी आमचे बोलणे थोडे स्पष्ट आहे. उन्हाळ्यात सरबतांच्या बाटल्या दर्शनी मांडल्या जातात. वाळा, गुलाब, कोकम, चंदन. त्यांत बहुतांश साखर असते. ती चवीला विकावीत, उन्हापासून रक्षण करणारे औषध म्हणून कष्टकऱ्यास विकू नयेत. त्याच्या दिवसभराच्या मजुरीतून त्याने बाटली घ्यावी आणि मीठ मात्र घेऊ नये, हा सौदा त्याच्या तोट्याचा आहे. जलसंजीवनीची पुडी त्याहून कितीतरी स्वस्त आहे. ती सरबताच्या शेजारीच ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट हे प्रमाण पुडीवर पाहून घ्यावे. या सूत्राशी न जुळणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे आपणांस ठाऊक असेलच. संपूर्ण पुडी संपूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवावी, पेल्यात चिमूटभर टाकून पिऊ नये, एवढे वाक्य पुडी देताना बोलावे.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. जेथे दोन्ही प्रकारची औषधे एकाच फळीवर असतात, तेथे हमाल रोज सायंकाळी डायक्लोफेनॅकची गोळी मागतो आणि ती त्यास मिळते. जलक्षय झालेल्या शरीरात अशा गोळ्या वृक्कांस घातक ठरतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण पुरुषांची वृक्के मधुमेह वा रक्तदाब नसताना निकामी होत असल्याचे गेल्या दोन-तीन दशकांत पुढे आले. कारणांवर अद्याप एकमत नाही, परंतु उष्णता, अतिश्रम आणि वारंवार होणारा जलक्षय यांचा वाटा मोठा मानला जातो. आपल्याकडे ऊस तोडणारे हात मराठवाड्यातून येतात आणि मार्चच्या उन्हापर्यंत फडात असतात. त्यांच्या अंगदुखीला गोळीऐवजी अभ्यंग, पाणी, मीठ आणि एक दिवसाची विश्रांती यांचा सल्ला देणारा दुकानदार विक्रीत चार रुपये गमावील. आम्हांस वाटते ते गमावण्याजोगे आहेत.

राहता राहिला उष्माघात. येथे आमचे मत निःसंदिग्ध आहे. काम करता करता जो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला वा कोसळला आणि ज्याचे अंग तापले आहे, तो उष्माघाताचा रुग्ण समजावा. अंगास घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हा समज सोडून द्यावा. श्रमातून येणाऱ्या उष्माघातात घाम येत असू शकतो. चंद्रकला, कामदुधा, प्रवाळ यांचे स्थान दाहावस्थेत आहे, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात नाही. त्याला पाणीही पाजू नये. पॅरासिटामोलने हा ताप उतरत नाही. खिशातला कांदा कोणाचे वाईट करीत नाही, पण त्याच्या भरवशावर माणसे भर दुपारी कामाला जातात, तेव्हा तो वाईट करतो. रुग्णास सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, हौद, टाके वा पिंप असेल तर डोके वर धरून त्यातच उतरवावे, नसेल तर सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघांत ठेवावा. एकाने हे करावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाडीची वाट पाहत अंग कोरडे राहू देऊ नये. सोबत जाणाऱ्याजवळ चिठ्ठी द्यावी : किती वाजता कोसळला, अंग भिजविण्यास केव्हा आरंभ केला, कामावर कितवा दिवस होता आणि आपण वा अन्य कोणी कोणती औषधे चालू ठेवली होती.